रविवार, वाडीचा सातबारा आणि घरची जपमाळ: एका तरुण उद्योजक वडिलांना उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ वसईचे, वय ३६, कॅथॉलिक. अनेक वर्षे नोकरी केल्यानंतर त्यांनी एका मित्राच्या भागीदारीत वसई पूर्वेला भाड्याच्या गाळ्यात धातूचे सुटे भाग बनवण्याचे युनिट सुरू केले; आज तेथे सतरा-अठरा कामगार आहेत. पत्नी रुग्णालयात परिचारिका आहे, मुलगी आठ वर्षांची आणि मुलगा चार वर्षांचा. गेल्या वर्षभरात रविवारची मिस्सा (चर्चमधली मुख्य सामुदायिक उपासना) वारंवार चुकली आहे, मुलीच्या प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या तयारीकडे पाहायला वडिलांना सवड नाही, धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चच्या कक्षेतल्या भाविकांच्या, मंडळावर काम करण्याचे फादरांचे बोलावणे आले आहे, आणि एका मोठ्या ऑर्डरसाठी कर्ज काढायचे तर वडिलोपार्जित वाडी तारण ठेवावी लागणार आहे. श्रद्धा, कुटुंब आणि धंदा या तिघांना सारखा वेळ कसा द्यावा, आणि रविवारी मशीन चालवणे हे पाप आहे का, असे त्यांनी विचारले आहे.

मी याच भागात पंचवीसएक वर्षे छोटा कारखाना चालवतो, तीन मुलांचा बाप आहे, आणि विवाहपूर्व शिबिरांत संसार आणि पैसा या विषयावर बोलण्यासाठी मला बोलावले जाते. मी धर्मगुरू नाही आणि वकीलही नाही. तेव्हा जेथे कायद्याचा किंवा विवेकाचा बारीक प्रश्न येईल तेथे त्या त्या माणसाला विचारावे, हे गृहीत धरून पुढचे वाचावे.

तिघांना सारखा वेळ देणे कोणत्याही कारखानदाराला जमत नाही, आणि चर्चने ते कधी मागितलेलेही नाही. आठवड्याचे तास मोजत बसलात तर धंद्याचेच पारडे दर वेळी जड निघेल, आणि दर शनिवारी रात्री तुम्हाला अपराधी वाटत राहील. मागितले आहे ते निराळेच आहे, आणि माझ्या मते अधिक अवघडही आहे: अडचणीच्या वेळी आधी कोणाचे द्यायचे आणि कोणाला थांबवायचे, हे अडचण येण्यापूर्वी ठरलेले असावे. वेळेच्या बाबतीत, पैशाच्या बाबतीत आणि जोखमीच्या बाबतीतही. ऐन वेळी ठरवणारा माणूस ज्याचा फोन सारखा वाजतो त्याचेच ऐकतो, आणि फोन बहुधा गिऱ्हाइकाचा असतो. श्रद्धेला मी तिसरा वाटेकरी मानत नाही, कारण उरलेल्या दोघांतला हा क्रम तिच्यावरूनच ठरतो. तुमच्या प्रश्नातली प्रत्येक गोष्ट या दृष्टीने पाहिली तर उत्तर पुष्कळसे सरळ होते.

आधी रविवार. चर्चच्या कायद्याचे १२४७वे कलम दोन गोष्टी सांगते: रविवारी मिस्सेला उपस्थित राहावे, आणि उपासनेच्या, त्या दिवसाच्या आनंदाच्या किंवा मनाच्या व शरीराच्या आवश्यक विश्रांतीच्या आड येणारी कामे टाळावीत. पुढचे, म्हणजे १२४८वे कलम स्पष्ट करते की आदल्या संध्याकाळच्या मिस्सेनेही ते कर्तव्य पूर्ण होते. कॅथॉलिक चर्चच्या धर्मशिक्षणग्रंथात, २१८५ क्रमांकाच्या परिच्छेदात, कुटुंबाची गरज किंवा महत्त्वाची समाजसेवा ही विश्रांतीतून सूट मिळण्याची रास्त कारणे मानली आहेत, आणि लगेच बजावलेही आहे की अशा सवलतींची धर्माला, कुटुंबाला आणि प्रकृतीला घातक ठरेल अशी सवय होऊ देऊ नये. तुमची पत्नी रविवारी वॉर्डात ड्यूटी करते तेव्हा ती या सवलतीत निःसंशय बसते. तुमच्या गाळ्यातले सीएनसी मशीन बसते का, हे ते मशीन रविवारी का चालू आहे यावर अवलंबून आहे. भट्टी विझवता येत नाही म्हणून चालणारे काम वेगळे आणि बुधवारी ढिलाई झाली म्हणून रविवारी ओढलेले काम वेगळे. मी पाहिलेल्या बहुतेक कारखान्यांत रविवारचे काम दुसऱ्या प्रकारचे असते. मालकाने माल पोहोचवण्याची तारीख देताना सात दिवसांचा आठवडा मनात धरलेला असतो आणि सहा दिवसांचा मुळी विचारच केलेला नसतो. मग ‘नाइलाज’ हा शब्द आपोआप जिभेवर येतो.

आपल्याकडची अडचण आणखी एक आहे. विजेच्या नियोजनासाठी महाराष्ट्रातल्या अनेक औद्योगिक वसाहतींत साप्ताहिक सुट्टी रविवारी नसून आठवड्यातल्या दुसऱ्याच एखाद्या वारी असते. अशा वसाहतीत तुम्ही एकट्याने रविवारी कुलूप लावले, तर सुट्टीच्या वारी वीज आणि वाहतूक दोन्हींची गैरसोय होते. म्हणून माझा सल्ला असा की रविवारी सकाळची पाळी दोन तास उशिरा सुरू करावी, कॅथॉलिक कामगारांना पहिल्या मिस्सेला जाता येईल असे वेळापत्रक भिंतीवर लावावे, आणि तुम्ही स्वतः शनिवारी संध्याकाळी किंवा रविवारी पहाटे, पण सहकुटुंब, मिस्सेला जावे. एकट्याने धावतपळत आटोपलेल्या मिस्सेने कर्तव्य होते, मात्र मुलांना त्यातून काही मिळत नाही.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण ती आपण कॅथॉलिक मालक हमखास विसरतो. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातल्या पाचव्या अध्यायात शब्बाथाची आज्ञा येते तेव्हा तिचे कारण दिले आहे: तुझ्या दासाला आणि दासीला तुझ्यासारखाच विसावा मिळावा. त्याच यादीत परका माणूस आहे, बैल आणि गाढवही आहेत. आपल्या गाळ्यांतले बहुसंख्य कामगार उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाचे आहेत आणि त्यांना रविवारशी धार्मिक कर्तव्य नाही. पण आठवड्यातून एक पूर्ण दिवस, पगार न कापता, ओव्हरटाइमची लालूच न दाखवता, हा त्यांचाही हक्क आहे. धर्मशिक्षणग्रंथाचा २१८७वा परिच्छेद तर मालकांवर ही जबाबदारी सरळ टाकतो. आपण चर्चमध्ये पुढच्या बाकावर आणि गोरखपूरचा मुलगा सलग तेराव्या दिवशी ड्रिलिंग मशीनवर, याला रविवार पाळणे म्हणता येणार नाही.

तुमच्या घरी आणखी एक वेळापत्रक आहे: पत्नीचा ड्यूटी रोस्टर. परिचारिकेची साप्ताहिक सुट्टी फिरती असते. तो कागद बहुधा फ्रिजवर चिकटवलेला असेल. त्याच्या शेजारी तुमच्या मालाच्या रवानगीच्या तारखांचा कागद चिकटवा, आणि दर महिन्याच्या सुरुवातीला दोन्ही कागदांत निदान दोन दिवस असे शोधा की ज्या दिवशी दोघेही घरी असाल. ते दिवस रविवार नसले तरी चालतील. एकदा ठरले की त्या दिवशी गिऱ्हाइकाला वेळ द्यायची नाही, सीएलाही नाही. जीएसटीच्या तारखा काही अचानक उगवत नाहीत. दर महिन्याची ११ आणि २० तारीख तुम्हाला वर्षभर आधीपासून ठाऊक असते.

बाजारपेठेच्या दिवशी दुकान बंद ठेवल्याने दिवाळे निघते का, या भीतीला एक जुने उत्तर आहे. फ्रान्समधल्या आलाँसाँ गावचे लुई मार्तँ हे घड्याळजी होते आणि त्यांच्या पत्नी झेली यांचा लेस विणून घेण्याचा स्वतःचा व्यवसाय होता. आसपासचे शेतकरी रविवारीच गावात येत आणि दागिने-घड्याळांची खरेदी करत; तरीही लुई यांनी रविवारी दुकान उघडले नाही. त्यांना नऊ मुले झाली, चार लहानपणीच गेली, आणि उरलेल्या पाच मुलींतली धाकटी म्हणजे लिझ्यूची संत तेरेजा. मला या जोडप्याविषयी रविवारपेक्षाही १८७० सालचा निर्णय अधिक बोलका वाटतो. झेलींचा व्यवसाय वाढत होता, त्या रात्री उशिरापर्यंत काम करत आणि पत्रांतून त्या ओझ्याची तक्रारही करत. तेव्हा लुई यांनी स्वतःचे घड्याळाचे दुकान पुतण्याला विकले आणि पत्नीच्या धंद्याचा हिशेब व फिरती आपल्याकडे घेतली. एकोणिसाव्या शतकातल्या पुरुषाने बायकोच्या धंद्यासाठी आपला धंदा सोडावा, ही गोष्ट आजही आपल्या वाड्यांत चर्चेचा विषय होईल. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी दोघांनाही एकत्र संतपद दिले. (आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया हेही व्यापारी होते, आणि धर्मग्रामातल्या भाषणांत उद्योजकांना त्यांचे उदाहरण दिले जाते. पण त्यांनी व्यापार सोडून फ्रान्सिस्कन संघात प्रवेश केला आणि १५९७ साली नागासाकीत क्रुसावर मरण पत्करले. नऊ ते सहा गाळ्यात बसणाऱ्या संसारी माणसाला त्यांच्यापेक्षा मार्तँ जोडपे जवळचे वाटेल.)

आता घर. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली कुटुंबाविषयी काढलेल्या पत्रकात वडिलांवर स्वतंत्र परिच्छेद आहे. तेथे वडिलांच्या गैरहजेरीने मुलांचे मानसिक आणि नैतिक नुकसान होते असे म्हटले आहे, आणि जाचक उपस्थितीनेही होते असेही म्हटले आहे. आपण पहिल्या वाक्यावर प्रवचने ऐकतो, दुसऱ्यावर फारशी नाही. दिवसभर थकलेल्या पेमेंटचा वैताग घेऊन घरी आलेला आणि मुलाच्या सांडलेल्या दुधावर ओरडणारा बाप हजरच असतो, पण त्याच्या हजेरीचा कोणाला उपयोग नसतो. गाळ्यातून निघाल्यावर वाटेत दहा मिनिटे गाडी थांबवून उरलेले फोन संपवावेत आणि मगच उंबरठा ओलांडावा, हे मी शिबिरात प्रत्येक तरुण उद्योजकाला सांगतो.

वसईच्या घरांत संध्याकाळची जपमाळ ही जुनी रीत आहे. आजीच्या काळात पाचही दशके (दहा-दहा मण्यांचे गट), मग लितानी (आळीपाळीने म्हणायच्या विनवण्या), मग गेलेल्यांसाठी प्रार्थना, असा पाऊण तास चालत असे. चार वर्षांच्या मुलाला घेऊन तो बेत आखलात तर आठवड्यात बंद पडेल. एकच दशक म्हणा, पण रोज म्हणा, आणि त्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला असू द्या. मुलाच्या हातात मणी द्या, त्याला मोजू द्या. सातव्या मण्यावरून तो पुन्हा तिसऱ्यावर जाईल, तरी टोकू नका. पत्नीची रात्रपाळी असेल तेव्हा हे काम सर्वस्वी तुमचे. मुले प्रार्थना बहुधा आईकडून शिकतात. आठवड्यातल्या चार रात्री बाप प्रार्थना म्हणवून घेतो हे पाहिले, की मुलीच्या आणि मुलाच्याही मनात देवाधर्माचे काम बायकांचे ही समजूत रुजत नाही.

मुलीच्या प्रथम ख्रिस्तप्रसादाविषयी माझे मत ठाम आहे. आर्थिक वर्ष पुन्हा येते, ही तयारी पुन्हा येत नाही. तिला पहिल्या पापनिवेदनासाठी पश्चात्तापाची प्रार्थना पाठ करायची असेल. ती ऐकण्याचे काम तुम्ही घ्या. धर्मशिक्षणाच्या वर्गाला नेताना स्कूटरवर मागे बसून ती म्हणेल, अडेल, आणि तुम्हाला कळेल की मधली ओळ तुम्हालाही आठवत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्याच सुमारास तुम्हीही पापनिवेदनाच्या रांगेत तिच्या पुढे किंवा मागे उभे राहा. बापानेही क्षमा मागायची असते हे तिला कोणत्याही वर्गात यापेक्षा चांगले शिकवले जाणार नाही. आणि कृपा करून, ‘हे सगळे मी तुमच्यासाठीच करतोय’ हे वाक्य मुलांपुढे कधीही उच्चारू नका. ते अर्धेच खरे असते. आपल्याला धंदा आवडतो म्हणूनही आपण तो करतो, आणि मुलांना ते बरोबर कळते. त्यापेक्षा सुट्टीच्या वारी त्यांना गाळ्यात घेऊन जा, बंद मशीन दाखवा, एखादा तयार भाग हातात द्या आणि तो कोणत्या पंपात बसतो ते सांगा.

धर्मग्राम मंडळाचे लवकर सांगून टाकतो: सध्या नम्रपणे नकार द्यावा. चर्चच्या कायद्याचे २२६वे कलम म्हणते की विवाहित माणसे आपल्या विवाहातून आणि कुटुंबातून देवाच्या प्रजेची उभारणी करतात. तेव्हा घरी थांबणारा बाप चर्चचे काम टाळतो आहे असा अर्थ होत नाही. फादरांना काही द्यायचेच असेल तर वर्षातून एकदा धर्मग्रामाच्या जमाखर्चाची तपासणी करून द्या. कोणाही कारखानदाराला ते दोन संध्याकाळांचे काम आहे, आणि फादरांना त्याची गरज भाषणांपेक्षा जास्त असते. दानाविषयीही असेच. कॅथॉलिक चर्चने दहा टक्क्यांचा आकडा बंधनकारक केलेला नाही, ऐपतीप्रमाणे द्यायचे आहे. मात्र ज्या महिन्यात कामगारांचा पगार उशिरा झाला, त्या महिन्यात चर्चच्या सणाच्या देणगीदारांच्या फलकावर आपले नाव नसलेले बरे.

पगाराच्या या मुद्द्यावर मला सर्वांत जास्त बोलायचे आहे, कारण कॅथॉलिक उद्योजकाची खरी परीक्षा चर्चमध्ये किंवा घरी होत नाही, ती महिन्याच्या सात तारखेला होते. बायबलमधल्या लेवीय पुस्तकात मजुराची मजुरी सकाळपर्यंत ठेवू नये असे आहे, आणि याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते असे म्हटले आहे. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली काढलेल्या परिपत्रकात कामगाराला कुटुंबासह नीट जगता येईल एवढे वेतन हा न्यायाचा प्रश्न आहे असे मांडले, आणि सध्याच्या पोपनी २०२५ साली लिओ हेच नाव घेताना त्या परिपत्रकाची आठवण सांगितली. धंद्यात याचा अर्थ काय? तुमच्याकडे सतरा-अठरा माणसे आहेत, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना (ईएसआय) तुम्हाला आजच लागू आहे. विसावा माणूस आला की भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू होतो. आता तुमच्या सल्लागारांपैकी कोणीतरी हळूच सुचवेल की कागदावर एकोणीसच ठेवा, बाकीचे ठेकेदाराच्या नावावर दाखवा. आपल्या वसाहतींत एकोणीस कामगारांचे कारखाने इतके आहेत की हा आकडा कोणाला शुभ वाटत असावा. हा मोह तुमच्याकडे येण्यापूर्वीच, आजच, भागीदाराशी बोलून ठेवा की विसावा माणूस विसावा म्हणूनच नोंदवला जाईल, आणि त्या खर्चासह किंमत परवडत असेल तरच नवी ऑर्डर घ्यायची.

गिऱ्हाइकाने पैसे थकवले की काय करायचे, हा क्रमही आधी ठरवावा. मोठ्या कंपनीकडून तीन-तीन महिने पेमेंट येत नाही, हा अनुभव प्रत्येक लहान कारखानदाराला आहे; मलाही आहे. अशा महिन्यात आपला हात नकळत सर्वांत दुबळ्या माणसाच्या पैशांवर जातो: कोपऱ्यातला प्लेटिंगवाला, टर्निंगचे जॉबवर्क करणारा, टेम्पोवाला. हे लोक भांडत नाहीत, म्हणून थांबतात. माझा क्रम असा ठरलेला आहे: आधी पगार आणि पगारातून कापलेला निधी, कारण तो पैसा आपला नसतोच, मग गोळा केलेला कर, तोही आपला नाही, मग हे लहान पुरवठादार, मग बँकेचा हप्ता, आणि शेवटी पोलादाचा मोठा व्यापारी, ज्याला थांबण्याची ताकद आहे. २००६च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांना लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणे बंधनकारक आहे, आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून ते वेळेत न दिल्यास त्या खर्चाची प्राप्तिकरातली वजावट लांबते. कायदा आता कुठे येथवर आला. धर्मशास्त्र तेथे आधीपासून आहे. या यादीत तुमचे स्वतःचे घर कोठे? घरखर्चाची एक माफक रक्कम ठरवून ती पगारांबरोबरच, त्याच दिवशी, पत्नीच्या खात्यात जावी. धंद्यात उरले तर घराला, असे करणारे लोक त्यागी दिसतात, पण मुलांच्या शाळेची फी दर वेळी उधारीवर चालते आणि त्याचा ताण संसारावर येतो.

चहापाण्याच्या पाकिटाचाही प्रश्न येईल. कागदपत्रे चोख ठेवणे हा त्यावरचा निम्मा उपाय आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीने द्यावी लागली तर सात दिवसांत तक्रार केल्यासच सुटका आहे. गैरफायदा मिळवण्यासाठी देणे आणि आपल्या हक्काचे मिळवण्यासाठी नाडले जाणे यांत नीतिशास्त्र फरक करते, पण तो फरक कोठे संपतो हे आपल्याआपण ठरवू नये. त्यासाठी पापनिवेदनाला कायम एकाच धर्मगुरूंकडे जावे, म्हणजे त्यांना धंद्याची पार्श्वभूमी दर वेळी नव्याने सांगावी लागत नाही.

अर्जेंटिनाचे एन्रिके शॉ यांचे उदाहरण येथे द्यावेसे वाटते. ते नौदल सोडून काचेच्या मोठ्या कारखान्यात व्यवस्थापक झाले, नऊ मुलांचे वडील होते, आणि १९५२ साली त्यांनी तेथील ख्रिस्ती उद्योजकांची संघटना उभारली. मंदीच्या काळात परदेशी भागधारकांना कामगारकपात हवी असताना त्यांनी ती होऊ दिली नाही. १९६२ साली ४१व्या वर्षी कर्करोगाने ते गेले. आजारपणात त्यांना रक्त द्यायला कारखान्याचे कामगार रांगेत उभे होते. २०२१ साली चर्चने त्यांना ‘आदरणीय’ घोषित केले; संतपदाच्या वाटेवरची ही एक पायरी आहे. ते मालक नव्हते, पगारी व्यवस्थापक होते, त्यामुळे स्वतःचे घर गहाण ठेवण्याची वेळ त्यांच्यावर आली नव्हती, हेही लक्षात ठेवावे.

तुमच्यावर मात्र ती आली आहे. वाडीचा सातबारा काढून आधी त्यावर कोणाकोणाची नावे आहेत ते पाहा. ख्रिस्ती कुटुंबांना हिंदू एकत्र कुटुंबाची व्यवस्था लागू नाही; आपल्याला १९२५चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. वडील मृत्युपत्र न करता गेले असतील तर एक तृतीयांश आईचा आणि दोन तृतीयांश सर्व मुलांचा, त्यांत मुलगे-मुली समसमान. म्हणजे लग्न होऊन नंदाखालला किंवा आगाशीला गेलेल्या तुमच्या बहिणींचाही त्या वाडीत हिस्सा आहे, आणि ज्याला तुम्ही ‘माझी वाडी’ म्हणता ती तारण ठेवण्याचा तुम्हाला एकट्याला अधिकार नाही. बँकेला शेतीपेक्षा घराखालचा बिनशेती तुकडाच बहुधा हवा असतो. म्हणजे प्रत्यक्षात केळीची बाग सुरक्षित राहते आणि आईचे घर गहाण पडते. बहिणींकडून घाईघाईने हक्कसोड लिहून घेणे कायदेशीर असेल, पण ऑर्डरच्या मुदतीपायी ते करणे मला न्याय्य वाटत नाही. आईवडिलांचा सन्मान करण्याच्या आज्ञेत भावंडांचा वाटाही येतो असे मी मानतो.

दुसरी गोष्ट तुमच्या भागीदारीची. साध्या भागीदारी संस्थेत प्रत्येक भागीदार संस्थेच्या सर्व कर्जाला वैयक्तिकरीत्याही जबाबदार असतो, म्हणजे मित्राने केलेल्या देण्यासाठी तुमच्या घरावर जप्ती येऊ शकते. मर्यादित दायित्वाची भागीदारी किंवा खासगी कंपनी केल्याने हा धोका कमी होतो; मात्र बँक वैयक्तिक हमी मागते तेव्हा ती भिंत तुम्हीच पाडता. म्हणून पत्नीला जामीनदार म्हणून सही करायला बँकेत बोलावू नका. मंजुरीपत्र घरी आणा, मुले झोपल्यावर दोघांनी बसून ते शेवटच्या पानापर्यंत वाचा, आणि हप्ते थांबले तर कोणकोणत्या गोष्टी जातील याची यादी तिला स्वतःच्या हाताने करू द्या. तिने नाही म्हटले तर कर्ज नाही. विवाहात दोघे एकदेह होतात असे आपण वेदीपुढे ऐकलेले असते. जोखीम मात्र एकाने घ्यायची आणि दुसऱ्याने फक्त सही करायची, हे त्यात बसत नाही.

तारणाशिवाय कर्ज मिळण्यासाठी केंद्र सरकारच्या हमी न्यासाची योजना २००० सालापासून आहे. शाखेतला अधिकारी ती आपणहून सुचवत नाही, तुम्हाला मागावी लागते. हमी शुल्क द्यावे लागते, पण घर गहाण पडत नाही. आपल्याकडे १९१८ साली मोन्सिन्योर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकाराने कॅथॉलिक सहकारी पतसंस्था निघाली ती शेतकऱ्यांच्या वाड्या सावकारांकडून सुटाव्यात म्हणून. ती पुढे बँक झाली आणि आजही चालू आहे. शंभर वर्षांनी आपणच हौसेने वाड्या गहाण टाकायला निघालो आहोत, ही बाब मला खटकते.

कर्ज कोणतेही घ्या, त्याआधी दोन कागद करून ठेवा. पहिला, मृत्युपत्र; नामनिर्देशनाने पैसा ज्याच्या हाती जातो तो वारस ठरतोच असे नाही. दुसरा, तुमच्या देण्यांएवढा मुदत विमा, आणि तो १८७४च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली पत्नी व मुलांच्या नावे घ्यावा. प्रस्ताव भरतानाच वेगळा अर्ज जोडावा लागतो, नंतर करता येत नाही. असे केल्यास ती रक्कम सावकारांच्या हाती लागत नाही, थेट कुटुंबाला मिळते.

राहिली ती ऑर्डर. होकार देण्यापूर्वी गिऱ्हाइकाकडे दोनपैकी एक गोष्ट मागा: कच्चा माल त्यांनी पुरवावा, किंवा मग निम्मी रक्कम आगाऊ द्यावी. लहान कारखानदार हे मागायला लाजतात, पण विचारल्यावर कच्चा माल द्यायला कंपन्या बरेचदा तयार होतात, कारण पोलाद त्यांना आपल्यापेक्षा स्वस्त पडते. तसे झाले तर खेळत्या भांडवलाची गरज बरीच कमी होते आणि वाडीचा विषय निघण्याचे कारण उरत नाही. दोन्हीला नकार मिळाला, तर आज आहेत त्या मशीनवर, आहेत त्या माणसांकडून, आठवड्याच्या सहा दिवसांत जेवढे नग निघतील तेवढीच ऑर्डर घ्यावी, आणि माल देण्याची तारीख लिहून देण्यापूर्वी फ्रिजवरचे दोन्ही कागद पाहून घ्यावेत.